आईचं ऑपरेशन पुढे ढकललंय, म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले का?

पत्र थोडक्यात: वाचक ३४ वर्षांची, नाशिकला सिडकोत राहते. आई ५८ वर्षांची, माहेर निफाड तालुक्यात, घरची द्राक्षबाग. आईचं पोट चार-पाच महिने फुगत होतं, दोन घास खाल्ले की पोट भरायचं, गॅसच्या गोळ्या चालू होत्या. नवरात्रात परकराची नाडी पुरेना तेव्हा सोनोग्राफी केली. सीटीमध्ये दोन्ही अंडाशयांवर गाठी, पोटात पाणी आणि ओमेंटम जाड झालेलं दिसलं, सीए-१२५ (या आजारात बहुधा वाढणारी रक्ताची तपासणी) चौदाशेच्या वर. नाशिकच्या कॅन्सर सर्जनचं म्हणणं असं की अंडाशयाचा कॅन्सर, तिसरी स्टेज वाटते, सुईने बायोप्सी करू, मग तीन केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा तीन केमो. गावाजवळचे एक सर्जन म्हणतात पुढच्या आठवड्यात दुर्बिणीतून गाठी काढून देतो. भावाला हे पटलंय, सुई टोचायला त्याचा विरोध आहे. चुलते म्हणतात चाकू लागला की कॅन्सर पसरतो, दिवाळी होऊ द्या, औषधी काढे देऊ. वडील गप्प आहेत. आईला फक्त ‘पाण्याची गाठ’ एवढंच सांगितलंय. वाचक विचारते, “आधी ऑपरेशन करत नाहीत म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली का? तीन महिने थांबलो आणि हातातून वेळ गेली तर? आणि आईला सांगायचं की नाही?”

अगं, तुला तू म्हणते, राग मानू नकोस, माझी थोरली तुझ्याच वयाची आहे. मी डॉक्टर नाही. २६ वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, सिस्टर होते. आईची फाइल मी पाहिलेली नाही, तेव्हा तिच्या बाबतीत शेवटचा शब्द तिला तपासणाऱ्यांचाच, पण ओटीच्या दाराच्या आत काय चालतं आणि बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसांच्या जिवाची काय घालमेल होते, ही दोन्ही मी जवळून बघितलीत, म्हणून लिहितेय.

आधी ते परकराच्या नाडीचं. तू लिहिलंयस की मला आधी कसं कळलं नाही. कळत नाही गं. हा आजार सुरुवातीला सहसा दुखत नाही, रक्त पडत नाही, पोट फुगतं, भूक मंदावते, लघवीला सारखं जावं लागतं आणि हे सगळं पन्नाशीनंतर बायकांना होतंच असं आपण धरून चालतो, म्हणून बहुतेक जणींना तिसऱ्या किंवा चौथ्या स्टेजलाच कळतं, मोठ्या शहरातसुद्धा. हे ओझं तू खाली ठेव.

आता मुद्दा. तुमच्या घरात सगळे ‘ऑपरेशन आधी की नंतर’ यावर भांडताय, आणि ऑपरेशन म्हणजे गाठ काढणं असं सगळ्यांनी धरलंय, भावानेही, चुलत्यांनीही. पण तिसरी स्टेज म्हणजेच गाठ अंडाशयात राहिलेली नाही, तिचे दाणे ओटीपोटाच्या बाहेर, पोटाच्या आतल्या पातळ आवरणावर गेलेत. ओमेंटम म्हणजे आतड्यांवरून पदरासारखा सोडलेला चरबीचा पडदा, तो तर या आजाराचं आवडतं ठिकाण, मऊ पदराचा पार कडक भाकरीसारखा गोळा होतो. अशा वेळी दोन गाठी काढून हाती काही लागत नाही. ऑपरेशनचा फायदा तेव्हाच, जेव्हा डोळ्यांना दिसेल ते सगळं निघतं, एक दाणाही मागे राहत नाही. याला डीबल्किंग किंवा सायटोरिडक्शन म्हणतात आणि जगभरातल्या सर्जनांचं एका गोष्टीवर एकमत आहे, मागे काही उरलं नाही अशा बाया जास्त जगतात. पूर्वी १ सेंटीमीटरपेक्षा लहान उरलं तर ठीक म्हणायचे, आता ध्येय शून्याचं असतं.

म्हणून खरा प्रश्न असा विचार, की आज पोट उघडलं तर सगळं निघेल का, आणि आईचं शरीर ते पेलेल का? दोन्हीचं उत्तर हो असेल तर आधी ऑपरेशन हाच चांगला रस्ता, तब्येत धडधाकट आहे आणि पसारा कमी आहे अशा बाईला उगाच केमोवर ठेवू नये. पण पोटात पाणी भरलंय, खाणं तुटलंय, ओमेंटमचा गोळा झालाय, आतड्यांच्या मुळापर्यंत दाणे दिसताहेत, तर आधी तीन केमो देऊन पसारा आक्रसवतात आणि मग उघडतात. याला इंटरव्हल डीबल्किंग म्हणतात. हा नाइलाजाचा मार्ग नाही. २०१० साली युरोप आणि कॅनडातल्या डॉक्टरांनी एक मोठी चाचणी छापली, २०१५ ला ब्रिटनमधून दुसरी आली, आजार खूप पसरलेल्या बायकांमध्ये आधी ऑपरेशन आणि आधी केमो, दोन्हीकडे जगण्याचा काळ जवळपास सारखाच निघाला, मात्र २०१० च्या चाचणीत ऑपरेशननंतर लगेच दगावण्याचं प्रमाण आधी ऑपरेशन केलेल्यांत शंभरात अडीच होतं आणि आधी केमो घेतलेल्यांत एकापेक्षाही कमी. तुमच्या डॉक्टरांनी हात टेकलेले नाहीत. ते ऑपरेशनचीच तयारी करताहेत, केमो हा त्या तयारीचा भाग आहे.

वडिलांना सांगायचं असेल तर बागेच्या भाषेत सांग. एका घडावर डाग दिसला तर घड कात्रीने काढून टाकता, पण बागभर डावणी (बुरशीचा रोग) पसरल्यावर कोणी आधी कात्री घेऊन निघत नाही, आधी फवारणी होते आणि मग उरलंसुरलं वेचून काढतात. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना समजत नाहीये असं धरू नकोस, बहुतेक त्यांच्याशी त्यांच्या भाषेत कोणी बोललेलंच नाही.

आता त्या दुर्बिणीवाल्या सर्जनांचं. त्यांच्या मनात वाईट काही असेल असं मी म्हणत नाही. पण एक प्रसंग सांगते, बरीच वर्षं झाली. एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी बदलीवर गेले होते. साधी गाठ म्हणून एका बाईंना टेबलवर घेतलं. पोट उघडलं आणि सगळे गप्प झाले. आतल्या आवरणावर, आतड्यांवर, डायफ्रामच्या, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याच्या खाली, सगळीकडे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे पांढुरके दाणे. सर्जननी एक तुकडा तपासणीला घेतला, थोडा वेळ नुसतं बघत राहिले आणि म्हणाले, बंद करू या. मी मॉप, म्हणजे रक्त टिपायची कापडं, मोजत होते, वीस होते, वीस भरले, तेवढंच माझं काम होतं. बाहेर नवऱ्याला सांगितलं ऑपरेशन झालं. त्या बाईंचं पोट नाभीपासून खालपर्यंत चिरलं, टाके पडले, ती जखम भरेपर्यंत केमो लांबली, आणि आतलं सगळं जागच्या जागी. नंतर पुन्हा दुसरीकडे उघडावं लागलं तेव्हा आतली आतडी एकमेकांना चिकटलेली. पहिली संधी वाया गेली की ती परत मिळत नाही, हे मी त्या दिवशी शिकले आणि अजून विसरले नाही.

म्हणून त्या सर्जनना भावाने सरळ विचारावं, आणि आदराने विचारलं तर चांगला डॉक्टर रागावत नाही. आतडं कापून जोडावं लागलं तर तुम्ही करता का? प्लीहा काढायची वेळ आली, डायफ्रामवरचे दाणे सोलून काढायचे झाले तर कोण करणार? आयसीयू आहे का, रक्तपेढी किती लांब? अंडाशयाच्या कॅन्सरची अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता? या प्रश्नांवर जो थांबतो त्याच्याकडे हे ऑपरेशन करू नका. हे काम गायनॅक ऑन्कोसर्जनचं, रोज तेच करणाऱ्याचं. दुर्बीण वाईट नाही, पोटात डोकावून किती पसरलंय ते बघायला आणि बायोप्सी घ्यायला तिचा छान उपयोग होतो, पण पोटभर पसरलेला आजार काढायला शक्यतो मोठा उभा छेदच लागतो, कारण सर्जनला कानाकोपरा हाताने चाचपावा लागतो.

सुईबद्दल भावाचं म्हणणं पूर्ण खोटं नाही बरं का. त्याने कुठेतरी ऐकलंय त्याला आधार आहे. गाठ एकाच अंडाशयात बंद असेल, आजार सुरुवातीचा वाटत असेल, तर तिला सुई टोचत नाहीत, फोडत नाहीत, अख्खी काढतात, दुर्बिणीतून काढली तरी पिशवीत घालून बाहेर आणतात, कारण ऑपरेशनमध्ये ती फुटली तर पहिल्या स्टेजचं १ ए चं १ सी होऊन बसतं आणि त्याने पुढची ट्रीटमेंट बदलू शकते. पण तुझ्या आईच्या बाबतीत आजार आधीच बाहेर आहे, तिथे ओमेंटममधून सुईने तुकडा घेतल्याने नवीन काही बिघडत नाही, उलट ती बायोप्सी झाल्याशिवाय केमो चालू करूच नये. का सांगते. पोटात पाणी, ओमेंटम जाड, सीए-१२५ वाढलेलं, हे हुबेहूब चित्र पोटाच्या टीबीतही दिसतं, आणि आपल्याकडे टीबी काही कमी नाही. सीए-१२५ चं नॉर्मल ३५ पर्यंत, पण ते एंडोमेट्रिऑसिसमध्ये (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो त्या आजारात) वाढतं, टीबीत तर शेकड्यांमध्ये जातं. आकडा म्हणजे निदान नव्हे. कधीकधी आजार जठरातून किंवा आतड्यातून अंडाशयावर आलेला असतो, तेही तुकड्यातूनच कळतं. तेव्हा बायोप्सी दिवाळीसाठी अजिबात थांबवू नका, फराळ काय पुढच्या वर्षीही होईल.

चुलत्यांचं ‘चाकू लागला की पसरतो’ हे कुठून आलं ते वरच्या प्रसंगावरून तुला कळलं असेल. लोक बघत आले की उघडलं, बंद केलं आणि सहा महिन्यांत माणूस गेलं. पसरलेलं आधीच होतं, चाकूने फक्त ते दाखवलं. काकांशी वाद घालून जिंकू नकोस, त्यांना पुढच्या अपॉइंटमेंटला सोबत ने आणि हा प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू दे. काढ्याचं मात्र ठाम सांग, केमो चालू असताना लिव्हर-किडनीवर ताण येईल असं काहीही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

आता ऑपरेशन म्हणजे नेमकं काय, ते घरातल्या सगळ्यांना माहीत असू दे. छेद नाभीच्या वरपासून खाली ओटीपोटाच्या तळाच्या हाडापर्यंत. गर्भाशय, दोन्ही अंडाशय, दोन्ही नळ्या, ओमेंटम हे निघतंच, त्याशिवाय जिथे दाणे दिसतील तिथलं आवरण सोलून काढतात. वेळ चार तास लागेल नाहीतर आठ, आत उघडल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे बाहेर बसून घड्याळाकडे बघून घाबरायचं नाही. आधी सगळ्या लसिका ग्रंथीही सरसकट काढायचे, पण २०१९ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की पुढच्या स्टेजमध्ये ज्या ग्रंथी नॉर्मल दिसतात त्या काढून आयुष्य वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. म्हणून ‘ग्रंथी का नाही काढल्या’ म्हणून कोणी नातेवाईक ओरडला तर हे लक्षात ठेव.

आणि आतड्याचा तुकडा काढावा लागला तर काही दिवसांसाठी पोटावर पिशवी, म्हणजे स्टोमा लागू शकतो. बहुतेक जणींना लागत नाही, लागला तरी पुष्कळदा तात्पुरता असतो. पण इथेच तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. एक मावशी होत्या, घरच्यांनी त्यांना ‘गर्भपिशवीची गाठ’ एवढंच सांगितलं होतं. शुद्धीवर आल्या, हात सवयीने पोटावर गेला, हाताला प्लास्टिक लागलं. त्यांनी मला विचारलं, “सिस्टर, हे माझंय का?” मी हो म्हटलं. त्या मुलाकडे बघायला तयार होईनात, दोन दिवस. पिशवीचा राग नव्हता गं, मला न विचारता माझ्या पोटाचं हे ठरवलंत, याचा होता.

संमतीपत्रावर सही आईचीच लागते. ती ५८ वर्षांची शहाणी बाई आहे, तिने घर, बाग, मजूर सगळं सांभाळलंय, परकर घट्ट होतोय हे तिला तुझ्याआधी कळलंय. तिला काही कळत नाहीये असं तुम्ही धरलंय, मला वाटतं ती तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प आहे. एका दमात सगळं सांगायची गरज नाही. एखाद्या दुपारी ती निवडत-टिपत बसली असेल तेव्हा शेजारी बस आणि विचार, आई, तुला काय वाटतंय हे काय असेल? मग तिला ऐक. ती विचारेल तेवढंच सांग, पण सांगशील ते खरं सांग. कॅन्सर हा शब्द तुझ्या तोंडून निघेना तर डॉक्टरांना सांग, ते सांगतील, तू हात धरून बस.

तू लिहिलंयस की भावाला व्हॉट्सअॅपवर ‘गरम केमो’चा व्हिडिओ आलाय आणि तेच करा म्हणतोय. त्याला हायपेक म्हणतात, सगळं काढून झाल्यावर थिएटरमध्येच पोटात गरम केलेलं औषध दीड तास फिरवतात. २०१८ मध्ये नेदरलँड्समधली चाचणी आली, २४५ बायका, तिसरी स्टेज, तीन केमोनंतरचं ऑपरेशन, त्यात जगण्याचा मधला (मीडियन) काळ हायपेक न घेतलेल्यांत ३३.९ महिने आणि घेतलेल्यांत ४५.७ महिने निघाला. म्हणजे फायदा आहे, पण तो इंटरव्हल ऑपरेशनच्या वेळचा आणि तिसऱ्या स्टेजचा आहे, सगळं निघालेलं असलं तरच त्याला अर्थ आहे, खर्च मोठा आहे आणि किडनी चांगली लागते. डॉक्टरांना विचारा जरूर. नाही म्हणाले तर कारण विचारा, हट्ट नको. घर-शेत गहाण टाकून तर मुळीच नको.

मधले दोन-अडीच महिने नुसते वाट बघायचे नाहीत, ते तुमच्या हातातले आहेत. केमो साधारण २१ दिवसांनी एक. पोटातल्या पाण्यातून शरीरातलं प्रोटीन जातं आणि अंगात अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) कमी असेल तर टाके नीट भरत नाहीत, म्हणून अंडी, दूध, मूगडाळ, शेंगदाणे, एकदम ताटभर नको, पोट लगेच भरतं ना, दर दोन तासांनी वाटीभर. हिमोग्लोबिन बघत राहा. श्वासाचं ते तीन बॉलवालं यंत्र आत्ताच आणा आणि तिला बॉल वर चढवायचा नाद लावा, ऑपरेशननंतर छातीत कफ धरू नये म्हणून. रोज अंगणात चालणं. आणि एका पायाला सूज आली, पोटरी दुखायला लागली किंवा अचानक धाप लागली तर सकाळची वाट बघू नका, या आजारात पायात रक्ताची गुठळी धरू शकते. ऑपरेशननंतरही त्यासाठी पोटावर टोचायची इंजेक्शनं चार आठवड्यांपर्यंत चालतात, घरी आल्यावर बंद करायची नसतात, ती तूच शिकून घे. दुसऱ्या-तिसऱ्या केमोनंतर पुन्हा सीटी होईल, सीए-१२५ खाली येतंय का बघतील, आणि तिसऱ्या केमोनंतर तीन-चार आठवड्यांत ऑपरेशन. ही तारीख मात्र घसरू देऊ नका, लग्नकार्य, बागेची हार्वेस्टिंग, काहीही असो.

मन शांत होत नसेल तर सेकंड ओपिनियन घे, त्यात तुमच्या डॉक्टरांचा अपमान नाही. परळच्या टाटा मेमोरियलला जायचं तर सकाळच्या पंचवटीने दादरला उतरता येतं, कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्याला रेल्वेत सवलत आहे, हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्यायचा. नुसते कागद नेऊ नका, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) लॅबमधून मागून घ्या, सीटीची सीडी घ्या, नाहीतर एक फेरी फुकट जाते. राहायची सोय म्हणशील तर आपल्याकडे गोदाकाठी गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे ना, तशीच दादरला आहे, तिथे टाटाचे पेशंट राहतात. टाटाच्या ‘नव्या’ या ऑनलाइन सेवेतून रिपोर्ट पाठवूनही मत मिळतं. पैशाचं म्हणशील तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, हॉस्पिटल योजनेत आहे का ते आधी बघा, रेशन कार्ड-आधार घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला भेटा, मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते, नंतर बिल दाखवून होत नाही.

तू स्वतःबद्दल काही विचारलं नाहीस, पण मी सांगणार. बायोप्सीत कॅन्सर निघाला तर आईची बीआरसीए जीनची तपासणी करायला सांग, या जीनमध्ये दोष असला की स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. दोष निघाला तर पुढे गोळ्यांच्या ट्रीटमेंटचा एक चांगला पर्याय आईला मिळतो, आणि तुला न् तुझ्या धाकट्या बहिणीला तो येण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. भावालाही. ज्यांच्यात दोष असतो त्यांना मुलं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ या वयात अंडाशय आणि नळ्या काढून टाकायला सुचवतात. आत्ता घाबरायचं काही नाही, आईची ट्रीटमेंट मार्गी लागू दे, मग बघ.

या सदराच्या इतर वाचक मैत्रिणींसाठी, ज्यांचं वय कमी आहे आणि गाठ एकाच बाजूला आहे, त्यांनी आईचं वाचून आपलंही सगळं काढतील असं समजू नये. आजार पहिल्या स्टेजचा, सौम्य जातीचा असेल किंवा तरुण मुलींना होतो तो जर्म सेल प्रकारचा असेल, तर एकच अंडाशय-नळी काढून गर्भाशय आणि दुसरी बाजू ठेवता येते, मूलही होऊ शकतं. मात्र हे ऑपरेशनच्या आधी बोलायचं, टेबलवर नाही. आणि ज्यांना बरं होऊन पुन्हा उलटलंय, केमो संपून सहा महिन्यांहून जास्त झालेत आणि आजार एखाद-दोन ठिकाणीच आहे, त्यांनी दुसऱ्या ऑपरेशनबद्दल विचारायला लाजू नये, निवडक जणींना त्याचा फायदा दिसलाय.

बायोप्सीला जाताना भावाला गाडी चालवायला ने, काकांना ने, आणि केबिनमध्ये डॉक्टरांसमोरची खुर्ची आईला दे, तुम्ही मागे उभे राहा. एक वही घे, वरचे प्रश्न त्यात उतरव आणि उत्तरं आईसमोरच लिहून घे. रिपोर्ट यायला आठेक दिवस लागतील. आला की मला कळव, आणि आई काय म्हणाली तेही लिही.